मुळांशी चाललेलं काम

श्रोतेहो, नमस्कार.

जलपर्णीचं एखादं रोप पाण्यातून ओढून काढून कधी हातात घेतलंय? वर हिरवी, चकचकीत पानं आणि फुगा आल्यासारखा देठ. आता ते उलटं करा. खाली काळपट-जांभळ्या मुळांचा पिसासारखा झुपका लोंबतो आणि त्याला करडा गाळ चिकटलेला असतो. बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतं. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते त्या बुळबुळीतपणाविषयी.

पाणवनस्पती सांडपाणी स्वच्छ करतात, हे आपण ऐकलेलं असतं. ऐकताना वाटतं, झाड घाण पिऊन टाकत असेल. काही अंशी पितंही. पण बराचसा भार वाहतात ते मुळांवर वस्ती करून राहिलेले जिवाणू. झाड त्यांना जागा देतं आणि हवा पुरवतं. देठ आडवा चिरला की आत स्पंजासारखी पोकळ्यांची जाळी दिसते. त्या पोकळ्यांतून प्राणवायू खाली उतरतो आणि मुळांतून थोडाथोडा बाहेर झिरपतो. त्यामुळे मुळाला लागून प्राणवायू असतो, आणि जरा पलीकडे, गाळात, तो नसतो. सगळी गंमत या शेजारात आहे. सांडपाण्यातल्या अमोनियाचं मुळाजवळ नायट्रेट होतं. ते पलीकडे सरकलं की तिथले दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करतात, आणि तो हवेत निघून जातो. आपण श्वासात घेतो त्या हवेत तोच तर सगळ्यात जास्त आहे!

फॉस्फरसला मात्र अशी पळवाट नाही. त्याचा वायू होऊन तो उडून जात नाही. तो गाळात बसतो, खडीला चिकटतो किंवा झाडाच्या अंगात जातो. अंगात गेलेला फॉस्फरस झाड बाहेर काढेपर्यंत तळ्यातच असतो. झाड तिथेच कुजलं की सगळं पुन्हा पाण्यात. म्हणून नुसती जलपर्णी सोडून दिली आणि पाणी स्वच्छ झालं, असं कुणी सांगितलं तर मला ते पटत नाही. अनुकूल हवेत ही वनस्पती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. वेळेवर काढली नाही तर पाण्यावर गोधडी पांघरल्यासारखी पसरते, खाली उजेड जात नाही, हवा जात नाही आणि मासे गुदमरतात. आपण शिव्या देतो ती जलपर्णी हीच. तिचा हावरटपणा कामी लावायचा तर तळ्याच्या काठावर विळा घेऊन माणूस उभा हवा.

ही कल्पना तशी जुनी आहे. जर्मनीत केटे झायडेल या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी 1950 च्या दशकात लव्हाळ्याच्या कुळातल्या एका वनस्पतीवर असे प्रयोग केले. 1970 च्या दशकात नासाच्या अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या केंद्रात बिल वुल्व्हर्टन यांनी सांडपाण्यासाठी जलपर्णी वापरून पाहिली. अंतराळात माणूस पाठवणाऱ्या संस्थेला हे तण कामाचं वाटलं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

आता बऱ्याच ठिकाणी उघड्या तळ्याऐवजी खडीचा वाफा करतात. त्यात पाणकणीस, नळ नावाचं उंच गवत किंवा कर्दळ लावायची आणि पाणी खडीच्या पृष्ठभागाखालून, न दिसता, संथ वाहू द्यायचं. त्यामुळे डासही होत नाहीत आणि वासही फारसा येत नाही. पण आधी मैला एका टाकीत बसवून घ्यावा लागतो, नाहीतर खडी तुंबते. एकदा तुंबली की ती उपसून धुण्याचं काम फार किचकट. शिवाय जागा लागते. घरगुती सांडपाण्याला माणशी काही चौरस मीटर धरावे लागतात. थंडीत जिवाणू सुस्तावतात, तेव्हा वेगही मंदावतो.

कारखान्याच्या पाण्याची गोष्ट निराळी. शिसं, कॅडमियम, क्रोमियम हे जडधातू कुठलाही जिवाणू खाऊन संपवू शकत नाही. मुळं ते धरून ठेवतात, काही वनस्पती पानांपर्यंतही चढवतात. म्हणजे पाणी निवळतं, पण विष नाहीसं होत नाही, ते झाडात जाऊन बसतं. घरगुती सांडपाण्यावर वाढलेल्या जलपर्णीचा बायोगॅस करता येतो, खतही होतं. टिकलीएवढ्या पानांच्या डकवीडमध्ये तर प्रथिनं भरपूर असतात, त्यामुळे माशांना, कोंबड्यांना ती खाद्य म्हणून चालते. धातू शोषलेल्या झाडाचं मात्र यातलं काहीच करायचं नाही. ते जनावरापुढे टाकलं तर दुधात उतरू शकतं, खत केलं तर शेतात.

त्यामुळे असा प्रकल्प पाहायला गेलात, तर बाहेर पडणारं पाणी काचेच्या पेल्यात धरून दाखवतील, ते जरूर पाहा. मग मागच्या बाजूला जा आणि विचारा, कापलेली झाडं कुठे नेता?

नमस्कार.