तू बोललास, मी चाललो

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय भुतांचा आहे, पण घाबरू नका. ही सगळी टीव्हीतली भुतं आहेत आणि त्यातली बरीचशी आता निवृत्त झाली आहेत.

निमित्त घडलं एका लग्नाच्या पंगतीत. आम्ही चुलत-मावस भावंडं एका रांगेत बसलो होतो. सगळी पन्नाशीच्या आगेमागे. कुणाला साखरेचा त्रास, कुणाचा गुडघा दुखतोय. मठ्ठा वाढून झाला आणि कुणीतरी सहज म्हणालं, “वेताळ काही भूत नव्हता हं.” झालं! वाढपी जिलबी घेऊन दोनदा आला आणि दोनदा तसाच पुढे गेला, कारण त्याच्याकडे बघायला कुणाला सवडच नव्हती. चाळीस वर्षांपूर्वी ओट्यावर जे भांडण अर्धं राहिलं होतं, ते तिथूनच पुढे सुरू झालं.

मालिका कोणती, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. १९८५ साली दूरदर्शनवर लागायची ती ‘विक्रम और बेताल’. रामानंद सागर यांची निर्मिती, विक्रम झाले होते अरुण गोविल आणि बेताल झाले होते सज्जन नावाचे नट. पांढरे मोकळे केस, गडगडाटी हसणं, आणि राजाच्या पाठीवर बसून गोष्ट सांगायची. गोष्टीच्या शेवटी कोडं. उत्तर माहीत असून राजा गप्प बसला तर डोक्याची शकलं होणार, आणि बोलला तर वेताळ झाडावर परत जाणार. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं याच्यावरच आहे. गप्प बसला तर डोकं जाणार, बोलला तर वेताळ जाणार.

पुढे १९८७ साली ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा आमची आजी हात जोडून टीव्हीसमोर बसली, रामाकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, “अगं बाई, हा तर वेताळवाला!” पहिले दोन-तीन रविवार तिला रामाच्या खांद्यावर कुणीतरी बसलंय असंच वाटायचं. तिचं फारसं चुकलं नव्हतं. सीता, लक्ष्मण आणि रावण झालेली मंडळीसुद्धा आधी विक्रमाच्या गोष्टींमधून येऊन गेली होती.

आमच्या वाड्यात टीव्ही एकच, तोही अप्पांकडे. अप्पा म्हणजे माझे थोरले काका. टीव्ही काळा-पांढरा, लाकडी शटरचा. त्याच्या काचेवर अप्पांनी ती रंगीत प्लास्टिकची काच लावली होती, वर निळी, मध्ये पिवळट, खाली हिरवी. म्हणजे आभाळ निळं आणि गवत हिरवं दिसावं अशी योजना. प्रत्यक्षात राजाचं कपाळ निळं आणि गुडघे हिरवे दिसायचे. माझं स्पष्ट मत आहे की आमच्या पिढीला भुताची खरी भीती त्या काचेनं घातली. आजच्या मालिकांत दार वाजलं तरी तीन वेळा विजा कडाडतात आणि पाच जणांचे चेहरे आळीपाळीने दाखवतात. त्यानं भीती वाटत नाही, डोकं दुखतं. असो.

तर वाड्यात दोन पक्ष होते. विक्रमाचा पक्ष आणि वेताळाचा पक्ष. विक्रमाच्या पक्षाचं म्हणणं, राजा एवढं मढं उचलून मसणातून चालतो, पंचवीस वेळा जातो, कंटाळत नाही, म्हणून तो थोर. वेताळवाले म्हणायचे, राजा नुसता हमाल आहे, गोष्टी कोण सांगतो? डोकं कुणाचं चालतं? विक्रमपक्षाचा पुढारी माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो. तो तेरा वर्षांचा. मी आठ वर्षांचा आणि वेताळाच्या पक्षात. राक्षस, चेटकिणी, पिशाच्चं, सगळ्यांना कुणी ना कुणी वाली होता. एकट्या त्या साधूच्या बाजूनं मात्र कधीच कुणी बोललं नाही. ज्यानं राजाला या कामाला लावलं, गोड बोलून, रोज फळ आणून देऊन, तो साधू. त्याला सुळे नव्हते, उलटे पाय नव्हते, त्यामुळे तो आमच्या हिशेबातच नव्हता.

आणि आता ती गोष्ट. आमच्या घरात ही इतक्यांदा सांगून झाली आहे की मी तोंड उघडलं की बायको उठून कुकर लावायला जाते. तुम्ही मात्र बसा.

दिवस पतंगांचे होते. त्या रविवारी ऐन वेळी टीव्हीवर नुसत्या मुंग्या आल्या. अप्पा गच्चीवर गेले, तर अँटेना वाकलेला. त्याच्या काड्यांत मांजा अडकलेला. तो भाग आमचा गेलाच. अप्पा दिवसभर “कोणी केलं?” म्हणत फिरत होते आणि आम्ही सगळे अभ्यासाला बसलो होतो, ज्यावरून कुणालाही संशय यावा.

भाग चुकला म्हणून संध्याकाळी आम्हीच तो करायचा ठरवलं. पैजेवर. विक्रम दादा. त्यानं वेताळाला मागच्या पिंपळापासून पाठीवर घ्यायचं, विहिरीवरून, अंधाऱ्या बोळातून पुढच्या अंगणात तुळशीपर्यंत आणायचं आणि वाटेत एक शब्द बोलायचा नाही. जिंकला तर विक्रमाचा पक्ष पुढच्या रविवारी पहिल्या रांगेत बसणार. वेताळ कोण? जो वजनाला सगळ्यात हलका तो. म्हणजे मी. आजीचं पांढरं पातळ मला गुंडाळलं, डोक्यावर पिंजलेला कापूस. साधू व्हायला कुणी तयार होईना, शेवटी मधल्या ताईला पाटावर बसवलं आणि रडायचं नाही म्हणून बजावलं. तलवारीच्या जागी फूटपट्टी.

नियमांवर अर्धा तास गेला. खोकला चालेल का? चालेल. शिंक? चालेल. “हुं” म्हणलं तर? नाही, हुं म्हणजे बोलणंच. मग नुसती मान हलवली तर? इथे मतं घेतली, सारखी पडली, आणि तो मुद्दा तसाच राहिला. लग्नाच्या पंगतीत मान हलवण्यावर पुन्हा पंधरा मिनिटं गेली, म्हणून सांगितलं.

निघालो. मी पाठीवर, हात दादाच्या गळ्याभोवती. गोष्ट सांगायला सुरुवात केली, पण मला एकच गोष्ट पाठ होती, चिमणी-कावळ्याची. तीच सांगितली. शेणाचं घर वाहून गेलं, चिमणीनं दार उघडलं नाही. “सांग राजा,” मी म्हणालो, “चूक कुणाची?” दादा गप्प. विहीर गेली. बोळ लागला. मी त्याला गुदगुल्या केल्या, तरी गप्प. विक्रम खरंच जिंकणार असं दिसायला लागलं.

बोळाच्या तोंडाशी अप्पा उभे. हातात कंदील आणि त्या मांजाचा गुंता.

“हा मांजा कुणाचा?”

दादा गप्प.

“अँटेना कुणी वाकवला ते तुला माहीत आहे. माहीत असून गप्प बसलास तर कानाखाली एक ठेवून देईन.”

श्रोतेहो, बघा. माहीत असून गप्प बसलास तर! हे अप्पांनी मालिका पाहून म्हटलं नव्हतं, ते त्यांचं रोजचं बोलणं होतं. पण पाठीवर बसलेल्या मला हसू आवरेना. बोललास तर पहिली रांग गेली, गप्प बसलास तर गाल गेला. विक्रमाला इतकं अवघड कोडं कधी पडलं नसेल.

दादानं एक श्वास घेतला, अंगठा मागे वळवला आणि म्हणाला, “मी नाही. यानं.”

आता वेताळानं काय करावं? मी तर नियमाचा पक्का. “तू बोललास, मी चाललो!” असं ओरडलो आणि पातळ सावरत उडी मारून जो पळालो तो थेट पिंपळाकडे. लोक अजून विचारतात, नियमामुळे पळालास की अप्पांमुळे? दोन्हींमुळे.

एक चप्पल विहिरीपाशी सुटली. पिंपळाच्या पहिल्या फांदीवर चढलो आणि मग आठवलं. आजी सांगायची, या पिंपळावर मुंजा आहे. मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा म्हणजे मुंजा, आणि त्याचं घर पिंपळावर, हे तुमच्या घरातही सांगितलं असेलच. खाली अप्पांचा कंदील, वर मुंजा, मध्ये मी, डोक्यावर कापूस. पानं वाजत होती. पिंपळाची पानं वारा नसतानाही वाजतात, हे अत्यंत वाईट आहे. वेताळ झाडावर बसून मोठ्यानं रडायला लागला.

मला उतरवायला अप्पा आले नाहीत. आले ते खालच्या खोलीतले वेंगुर्ल्याचे काका, बॅटरी घेऊन. त्यांनी माझ्यावर झोत टाकला, कापसाकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, “अरे, वेताळ ना मरे तू? भुतांचो राजा तो. मुंजो तुका घाबरतलो. तू कित्याक घाबरतंस?”

मी उतरलो. एका पायात चप्पल नाही म्हणून त्यांनी आपल्या पायातल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. माझी दोन्ही पावलं एकात मावली असती. म्हणाले, “घाल. वेताळाच्यो चपलो मोठ्योच असतत.” मला वाटलं, चेष्टा करतायत. पुढे अनवाणी काका आणि मागे होडीएवढ्या चपला फरफटवत वेताळ, अशी आमची मिरवणूक अंगणात आली.

ती चेष्टा नव्हती, हे पुष्कळ वर्षांनी कळलं, वेंगुर्ल्याजवळ आरवलीला गेलो तेव्हा. तिथे श्रीदेव वेतोबाचं देऊळ आहे. वेतोबा म्हणजे वेताळच. गावाचा राखणदार. त्याला नवस फेडायला केळ्यांचा घड वाहतात आणि चामड्याच्या चपला वाहतात, कुणाच्याही पायाला होणार नाहीत इतक्या मोठ्या. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या चपला झिजतात, असं तिथली माणसं सांगतात. म्हणजे ज्याला आम्ही ओट्यावर भूत म्हणत होतो, त्याच्या नावानं काका रोज सकाळी हात जोडत होते आणि आमचं ऐकून घेत होते.

मग भूत की देव? तुम्हाला जुन्या पोथीतलं सांगतो, थोडक्यात सांगतो. या पंचवीस गोष्टी काश्मीरच्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त आहेत, अकराव्या शतकातल्या. तिथे वेताळ हा मेलेल्या माणसाचा आत्मा नाहीच. तो प्रेतात शिरून बसणारा, प्रेताला बोलतं करणारा कुणी वेगळाच आहे. म्हणजे भूत म्हणणारेही चुकले आणि मढं म्हणणारेही चुकले. झाड पिंपळाचं नाही, शिंशपेचं, म्हणजे शिसवाचं आहे. माझी ती सगळी भीती चुकीच्या झाडावर गेली. आणि राजा? राजाचं नाव त्रिविक्रमसेन आणि त्याचं नगर गोदावरीकाठचं प्रतिष्ठान. म्हणजे आपलं पैठण! पुन्हा सांगतो, पैठण. हे मी पंगतीत सांगितलं तेव्हा विक्रमाच्या पक्षातल्या दोघांनी उगाच मिशीवरून हात फिरवला.

आणखी एक. राजा शेवटी गप्प बसतो, तो निर्धारानं नाही. चोविसाव्या कोड्याचं उत्तर त्याला येतच नाही. बाप आणि मुलगा, एका राजकन्येशी आणि तिच्या आईशी लग्न करतात, पण उलटसुलट. बाप मुलीशी, मुलगा आईशी. त्यांच्या मुलांचं आपसातलं नातं काय? करा विचार, मला फोन करू नका. राजा निरुत्तर होऊन चालत राहतो आणि वेताळ त्याच्यावर खूश होतो. खूश होऊन सांगतो की तो साधू तुझाच बळी देणार आहे, तेव्हा तूच आधी सावध हो. आमच्या ओट्यावर ज्याला कुणी मोजलंच नाही, तोच निघाला खरा राक्षस. आणि तो रोज फळ घेऊन येत होता, फळात रत्न घालून.

पुढेही भुतं आली. नव्वदीत ‘झी हॉरर शो’ आला, ‘आहट’ आली. २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ आली, तिच्या दुसऱ्या पर्वापासून घराघरात अण्णा नाईक आणि शेवंता यांचे पक्ष पडले. माझी भाची शेवंतेच्या बाजूनं अजून जिवावर उदार होऊन भांडते. भांडू द्यावं. फक्त एक सांगतो, अण्णांना कुणी पाठीवर घेऊन चाललं नसतं, आणि अण्णांनी कुणाला कोडं घातलं नसतं.

आता पंगतीकडे. शेवटचा वाद उरला होता तो असा, की माहीत असून गप्प बसलं तर डोकं फुटतं, पण माहीत असून खोटं बोललं तर? माझं म्हणणं, खोटं बोलणं म्हणजे खरं उत्तर दडवणंच, म्हणजे दादाचं डोकं त्या रात्रीच फुटायला हवं होतं. चाळीस वर्षं मी हेच सांगत आलोय. दादा काही बोलला नाही. मठ्ठ्यात बोट घालून त्यानं कोथिंबिरीचं पान बाजूला केलं आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, आणि मान हलवणं बोलण्यात धरायचं का, यावर पुन्हा सगळे तुटून पडले.

आता स्टुडिओतलं घड्याळ मला खुणावतंय. निर्माते काचेपलीकडून दोन बोटं दाखवतायत, म्हणजे दोन मिनिटं. तेवढ्यात एक सांगून टाकतो, कारण माहीत असून गप्प बसलो तर काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. पतंग दादाचा होता. मांजाही दादाचा. पण तो पाणी प्यायला खाली गेला होता, आणि त्या दहा मिनिटांत दोरी माझ्या हातात होती.

दादा, ऐकत असशील तर, बोललो मी. आता चाललो.

नमस्कार.