‘ब्रेक फेल’च्या पुढे काय लिहायचं?

[दृश्य: पहाट. नवले पुलाच्या अलीकडचा उतार. दुभाजकाला लागून झाडून ठेवलेला काचेचा चुरा.]

निवेदन:
कात्रजचा नवा बोगदा मागे पडला की साताऱ्याकडून पुण्यात येणारी गाडी उताराला लागते. दरी पूल, जांभूळवाडी, नऱ्हे आणि खाली नवले पूल. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एक ट्रक पुढच्या वाहनांवर आदळत गेला. ४८ गाड्यांचं नुकसान झालं. पहिली चर्चा नेहमीचीच, ब्रेक फेल झाले. नंतर पोलिसांनी सांगितलं, की प्राथमिक तपासानुसार चालकाने उतारावर इंजिनच बंद केलं होतं.

ब्रेक निकामी झाले, की निकामी होतील अशी गाडी चालवली गेली? या प्रश्नाचं उत्तर लोखंडात, रबरात आणि डांबरात शोधणारा माणूस म्हणजे फॉरेन्सिक इंजिनिअर. सरकारी मराठीत ‘न्यायसहायक’ हा शब्द आहे. मला तो आवडतो, कारण काम नेमकं तेच आहे. न्यायाला साहाय्य.

[दृश्य: पोलीस ठाण्यामागचं आवार. जप्त गाड्या. एका ट्रकचं मागचं चाक उतरवलेलं.]

निवेदन:
३० टनांचा भरलेला ट्रक फक्त १० मीटर खाली उतरला, तरी जी ऊर्जा जिरवावी लागते तिच्यात सुमारे ९ लिटर पाणी उकळेल. पुढच्या १० मीटरला आणखी ९ लिटर. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर यातला मोठा वाटा इंजिन उचलतं. न्यूट्रलला टाकली, तर जवळजवळ सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्यावर येतो. तापलेला ड्रम फुगतो, त्याला आतून घासून चाक रोखणाऱ्या लायनरची पकड सुटत जाते. चालक घाबरून पुन्हा पुन्हा पॅडल दाबतो. ट्रकचे ब्रेक दाबाच्या हवेवर चालतात; दर दाबाला टाकीतली हवा खर्च होते, आणि ती भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. इंजिन बंद, तर हवा भरणार कोण?

आता या ड्रमकडे जवळून बघा. आतली कड निळसर झाली आहे, त्यावर केसासारख्या बारीक भेगा आहेत. लायनरला काचेसारखी चकाकी आली आहे. ही अतिउष्णतेची खूण. याच जागी लायनर तेलाने चिकट झालेलं निघालं असतं, तर बोट हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्यभागाच्या, गळक्या सीलकडे गेलं असतं, म्हणजे देखभालीकडे. लायनर संपून ते बसवणाऱ्या रिव्हेटने ड्रम खरवडला असता, तर गाडी त्या अवस्थेत रस्त्यावर कुणी सोडली, हे मालकाला विचारावं लागलं असतं. तीन वेगळी कारणं, तीन वेगळी माणसं. कागदावर मात्र तिन्ही वेळा एकच शब्द उमटतो, ‘ब्रेक फेल’. त्या शब्दावर तपास थांबला, की चालक एकटा आरोपी उरतो आणि तीच गाडी दुसऱ्या चालकाच्या हाती जाते.

[दृश्य: रस्त्यावर टायरच्या काळ्या खुणा. मोजपट्टी ताणलेली.]

निवेदन:
टायर घासल्याच्या खुणेवरून वेग काढता येतो, हे अनेकांना माहीत असतं. पण खुणेची लांबी एकटी पुरत नाही. कोरड्या डांबरावर चाकं जाम होऊन गाडी ३० मीटर घसरत गेली आणि थांबली, तर सुरुवातीचा वेग ताशी ७३ किलोमीटरच्या आसपास येतो. तीच ३० मीटरची खूण ओल्या रस्त्यावर असेल, तर वेग ५५ च्या आसपास. म्हणून पंचनाम्यातला ‘रस्ता कोरडा होता’ की ‘ओला होता’ हा एक शब्द कुणाचा तरी निर्दोषपणा ठरवू शकतो. आणि खूण संपते तिथेच धडक झाली असेल, तर काढलेला वेग किमान असतो. उरलेला वेग पत्रा चेपण्यात गेलेला असतो, तो वेगळा मोजावा लागतो.

[दृश्य: भिंगाखाली मागच्या दिव्याचा फुटका बल्ब.]

निवेदन:
महामार्गाच्या कडेला रात्री उभा ट्रक आणि मागून येऊन धडकलेली दुचाकी. असे दावे कितीतरी येतात. ट्रकवाला म्हणतो, पार्किंग लाइट चालू होते. दुचाकीस्वार सांगायला उरलेला नसतो. मग बल्ब बोलतो. बंद दिव्यातली तार थंड असते, जोराचा धक्का बसला की कडकन तुटते, टोकं टोकदार राहतात. चालू दिव्यातली तार तापून मऊ झालेली असते, धक्क्याने ताणली जाते, वेडीवाकडी लोंबते. चालू असतानाच काच फुटली, तर हवा लागून तारेवर पिवळट-पांढरी भुकटी धरते. एवढ्याशा तारेवर एका विधवेला किती भरपाई मिळणार, हे अवलंबून असू शकतं. आता एलईडी दिवे आले, त्यांत तारच नाही. नव्या गाड्यांत एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये धडकेआधीच्या काही सेकंदांचा वेग आणि ब्रेकची नोंद सापडू शकते. पण ती नोंद कुणीतरी वेळेत मागावी लागते.

[दृश्य: कोंढवा, पुणे. पाऊस. एका भिंतीच्या पायथ्याशी साचलेलं पाणी.]

निवेदन:
हे शास्त्र फक्त गाड्यांचं नाही. २९ जून २०१९ च्या पहाटेआधी कोंढव्यात सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. १५ जण गेले, त्यात लहान मुलंही होती. काही दिवसांतच आंबेगावात दुसरी भिंत पडली, आणखी मजूर गेले. दोन्ही वेळा कानावर आलं, पाऊस फार होता.

पाऊस फार होता, हे खरं. पण मागे माती धरून ठेवणाऱ्या कुठल्याही भिंतीला पाणी जाऊ देण्यासाठी भोकं ठेवावी लागतात. ती नसली किंवा बुजली, तर मागे पाणी तुंबतं. २ मीटर उंचीच्या भिंतीमागे काठोकाठ पाणी भरलं, तर दर मीटर लांबीला साधारण २ टनांचा रेटा येतो. भिंत ४ मीटरची असेल, तर रेटा ८ टन होतो. उंची दुप्पट, रेटा चौपट. म्हणून पडलेल्या भिंतीपाशी पोचलेला अभियंता आधी भोकं शोधतो. मग पाया किती खोल, मागे भराव कसला आणि पुढच्या बाजूला शेजाऱ्याने पायाला लागून खणलं होतं का, हे बघतो. ढिगारा जेसीबीने उचलण्याआधी हे सगळं टिपावं लागतं. अडकलेल्यांना बाहेर काढणं पहिलं, त्यात वादच नाही. पण सुटका संपल्यावरही ढिगारा घाईने हलतो, आणि मला सर्वांत जास्त टोचतं ते हेच. त्या घाईत पुरावा जातो.

[दृश्य: शिवाजीनगर न्यायालयाचा परिसर. फायली घेऊन चाललेले वकील.]

निवेदन:
तज्ज्ञाचं मत ग्राह्य धरण्याची तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ४५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये आहे. पण ते मतच, निकाल नव्हे. कशावरून म्हणता, कुठलं मोजमाप, कुठला नमुना, हे न्यायाधीशांना स्वतः पडताळता आलं पाहिजे. तज्ज्ञाची फी विमा कंपनी देवो नाहीतर दावेदार, गणित बदलता कामा नये. उलटतपासणीत वकील विचारतोच, ‘अपघात तुम्ही डोळ्यांनी पाहिलात का?’ उत्तर ‘नाही’ हेच असतं. दुसरा प्रश्न जास्त अवघड जातो, ‘गाडी तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिली?’ आवारात दोन पावसाळे खाल्लेल्या ड्रमवरचा गंज नवा की जुना, हे शपथेवर सांगणं सोपं नसतं.

फौजदारी खटल्यात दोष निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. भरपाई ठरवणाऱ्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कुठली बाजू जास्त संभवनीय, एवढं पुरतं. त्यामुळे एकच अहवाल एका कोर्टात कमी पडतो आणि दुसऱ्यात घर सावरतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आलं. रस्त्याच्या सदोष रचनेमुळे किंवा देखभालीमुळे मृत्यू वा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम तुटपुंजी आहे, पण रस्ताही आरोपी असू शकतो हे निदान कायद्यात लिहिलं गेलं. ते सिद्ध करायला उताराची मोजणी, फलकांची जागा, डांबराची पकड मांडणारा अभियंता लागणारच.

[दृश्य: पुन्हा नवले पूल. संध्याकाळची गर्दी.]

निवेदन:
अपघात दिसला तर आधी १०८ ला फोन करा, जखमींना हात द्या. ते झालं, की क्रेन येण्याआधी मोबाइल काढा. गाड्या जिथे थांबल्या तिथे, चारही बाजूंनी. टायरच्या खुणा सुरुवातीपासून शेवटपर्यंत. विखुरलेली काच, रस्त्याचा ओलावा, जवळचा फलक किंवा विजेचा खांब. मोजपट्टी नसेल तर खुणेच्या शेजारी आपली चप्पल ठेवून फोटो घ्या, आणि चपलेचा नंबर लिहून ठेवा. त्यावरून खुणेच्या लांबीचा अंदाज बांधता येतो.