सुरीला दाते काढताना

नमस्कार श्रोतेहो! पिकलेल्या टोमॅटोवरून सुरी घसरते, जोर दिला की गर बाहेर. गोव्याचा कडक उंडो कापताना कवचाचा चुरा होतो आणि आतला मऊ पाव दबतो. दातेरी पात्याचं तसं नाही. सगळा दाब दात्यांच्या टोकांवर येतो, टोक सालीत रुततं, मग खाचेतली धार कापत जाते. असे दाते घरी काढता येतात.

त्यासाठी साधी, स्वस्त स्टीलची सुरी घ्या. महागडी जपानी सुरी यासाठी नकोच. मुठीजवळ पात्यावर कानस एकदा फिरवून पाहा. कीस निघाला तर ठीक; चर्र आवाज करत घसरली तर स्टील कानशीइतकंच कडक आहे, तिथे हिऱ्याची कानस लागेल. सुरी आधी साधी धार लावून घ्या. बोथट पात्याला नुसत्या खाचा पडतात, टोकं येत नाहीत.

आता चार मिलिमीटरची गोल कानस. पातं लाकडी ठोकळ्यावर आडवं ठेवून क्लॅम्पने आवळा, धार ठोकळ्याबाहेर अर्धा सेंटिमीटर. उजव्या हाताने कापणाऱ्यांनी मूठ उजवीकडे आणि धार आपल्यापासून पलीकडे ठेवावी. डावखुऱ्यांनी मूठ डावीकडे. मार्करने दर तीन मिलिमीटरला खूण करा. मुठीजवळचा दोन-अडीच सेंटिमीटर भाग मात्र सोडा. कोथिंबीर-मिरचीला साधी धारच बरी, दातेरी पात्याने पानं ओढली जातात.

खरी मेख कोनात आहे. कानशीची मूठ थोडीच उचला, पात्याशी साधारण २० अंश. कानस उभी धरली तर खाच पडते, पण खाचेला धार येत नाही. अशी सुरी कापत नाही, फाडते. कानस पुढे ढकलतानाच कापते, म्हणून परत आणताना उचला. प्रत्येक खाचेला मोजून तितकेच हात मारा, खोली एक मिलिमीटरपर्यंत. दोन खाचांमध्ये मूळ धारेचा अर्धा-एक मिलिमीटर शिल्लक राहायलाच हवा. खाचा एकमेकींत शिरल्या की दात्याची उंची जाते, टोक पातळ होऊन मोडतं. कानशीला तेल लावू नका, ती घसरते. खडू घासा, म्हणजे कीस अडकत नाही.

घाईने ग्राइंडर लावाल तर पातळ धार क्षणात तापते. स्टील निळं पडलं की त्याचा कडकपणा गेला. तो दाता टिकायचा नाही.

दाते झाले की पात्याची खालची बाजू बोटाने पाहू नका, सुती फडकं फिरवा. ते अडकेल, कारण तिथे धातूचा बारीक पदर उलटलेला असतो. काचेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवा, ती बाजू अगदी सपाट टेकवून दोन-तीनदा घासा. दात्यांची बाजू घासू नका. लोखंडाचा कीस अन्नात जाता कामा नये, तेव्हा ब्रशने झाडून साबणाच्या गरम पाण्याने धुवा. मग टोमॅटो घ्या. दाबायचं नाही, सुरी नुसती पुढे-मागे सरकवायची.