दुपारी घरी कोण असतं?

(दृश्य : परभणी. पत्र्याची पडवी, सुरू असलेला कूलर, खाली ओली फरशी.)

मे महिना. दुपारचे दोन. कूलरच्या ठिबकणाऱ्या पाण्यानं जेवढी फरशी भिजलीय, तेवढ्यावर पोट टेकून भुऱ्या पडलाय.

त्याच्या कानाच्या टोकाची खाच बघा. हा कान कुणी दुष्टपणे कापलेला नाही. नसबंदी करताना, कुत्रं भुलीत असतानाच ही खूण करतात, म्हणजे तेच कुत्रं पुन्हा पकडलं जात नाही. रेबीजची लसही त्याच वेळी टोचतात.

वर्षापूर्वी या जागी लॅब्राडॉरचं पिल्लू येणार होतं. लेकीनं मोबाइलवर फोटो बघून नावसुद्धा ठरवलं होतं. आजीनं एवढंच विचारलं, "तुम्ही सगळे सकाळी डबे घेऊन जाता. दिवसभर त्याच्या मागं कोण पळायचं?"

या प्रश्नाला आमच्याकडं उत्तर नव्हतं.

दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चारदा खायला लागतं, दर दोन तासांनी बाहेर न्यावं लागतं. दुधाचे दात पडून पक्के यायला सहा-सात महिने जातात. तोवर चपला, खाटेचे पाय, आजीच्या लुगड्याचा काठ, सगळं त्याचंच. लसी सहाव्या-आठव्या आठवड्यात सुरू होतात आणि चौथ्या महिन्यापर्यंत चालतात. त्या पुऱ्या होईपर्यंत गल्लीतली कुत्री फिरतात तिथं त्याला खाली सोडायचं नाही. पार्वो हा साथीचा आजार झाला तर उलट्या, रक्ताची हगवण, आणि बघता बघता पिल्लू हातचं जातं. पण जग ओळखायचं त्याचं वयही नेमकं हेच, तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत. म्हणून कडेवर घेऊन त्याला बाजार, रिक्षा, भोंगे, पाहुणे दाखवावे लागतात. एवढा वेळ देणारं माणूस घरात असेल तर पिल्लू जरूर आणा. मात्र त्याची आई बघितल्याशिवाय आणू नका. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे.

आणि आपलं ऊन विसरू नका. दाट केसांच्या जनावराचे बेचाळीस अंशांत फार हाल होतात. लातूरकडची कारवान आणि पश्मी ही कुत्री या हवेत टिकतात, पण ती धावणारी जात. त्यांना शिवार पाहिजे, दोन खोल्या नाहीत.

(दृश्य : दाराला टेकवलेली काठी.)

भुऱ्या तीन-एक वर्षांचा असेल. गाडीच्या धक्क्यानं पाय मोडलेला, एका ताईंनी तो बरा होईपर्यंत घरी सांभाळलेला. आम्ही चार रविवार त्याला भेटायला गेलो. लेकरू पळालं की तो काय करतो, खाताना कुणी जवळून गेलं तर गुरगुरतो का, हे डोळ्यांनी बघितलं. मोठं कुत्रं घेण्यातला खरा फायदा हा. त्याचा स्वभाव झालेला असतो, तो बघून ठरवता येतं. गुरगुरला असता तर लहान लेकरू असलेल्या घरात आम्ही त्याला आणलं नसतं.

एक गोष्ट मात्र आमच्या ध्यानात आली नाही. पहिल्या दिवशी आजी काठी टेकत दारात आली, आणि भुऱ्या जमिनीला चिकटला. शेपूट पोटाखाली. जागेवरच मुतला.

"लई मारलंय रे बाबा तुला," आजी म्हणाली. तिनं काठी भिंतीला लावली, उंबऱ्यावर बसली, ज्वारीची भाकर दुधात कुस्करली आणि ताटली पुढं सरकवून दुसरीकडं तोंड करून बसली. लेकीला सांगत राहिली, नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन भाकर पळवणाऱ्या कुत्र्यामागं कसे धावले. नामदेवांची नर्सी शेजारच्या हिंगोलीत, त्यामुळं आजी त्यांच्याबद्दल गावातल्या माणसासारखंच बोलते.

तीन दिवस तो घरात आला नाही. काठीला सरावायला तीन महिने लागले.

त्या काळात लेकीला आम्ही एक गोष्ट पाठ करून घेतली. कुत्रं आपलं असो की गल्लीतलं, दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. हळद-चुना लावत बसायचं नाही.

(दृश्य : भिंतीवरची दिनदर्शिका.)

रेबीजची पुढची लस जूनमध्ये. लेकीनं तारखेभोवती लाल गोल केलाय. खाली लिहिलंय : भुऱ्या, दवाखाना, मी पण जाणार, शाळा नाही.