फोटोवर काच की ॲक्रिलिक?

नमस्कार श्रोतेहो. फोटो फ्रेम करायला टाकला की आपण पट्टीचा रंग निवडण्यात अर्धा तास घालवतो आणि फोटोवर काय लावायचं ते मात्र फ्रेमवाल्यावर सोडून देतो. आज त्याबद्दलच बोलूया, काचेऐवजी ॲक्रिलिक, म्हणजे काचेसारखं आरपार दिसणारं प्लास्टिक, लावावं का.

आधी वजन बघा. २ बाय ३ फुटांच्या फोटोवर ३ एमएमची काच घातली तर नुसती काचच ४ किलोच्या वर जाते, तेवढ्याच जाडीचं ॲक्रिलिक साधारण २ किलो भरतं. नव्या फ्लॅटमध्ये याचं काही वाटणार नाही, पण पेठेतल्या जुन्या वाड्यात खिळा ठोकला की आधी पोपडाच खाली येतो, तिथे हा फरक फार मोठा. शिवाय पुण्यात फ्रेम घरी येते ती बहुतेक स्कूटरवर, मागे बसलेल्याच्या मांडीवर, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला जीव मुठीत! ॲक्रिलिक असल्या धक्क्याने सहसा फुटत नाही, फुटलंच तरी काचेसारखा घरभर चुरा होत नाही. पलंगाच्या वर किंवा मुलांच्या खोलीत मी तर तेच लावा म्हणेन.

दिसायलाही छान असतं हो. चांगलं ॲक्रिलिक ९२ टक्के प्रकाश आरपार सोडतं, काचेची ती हिरवट झाकही नसते. लगेच पिवळं पडतं म्हणतात ना, ते बऱ्याचदा ॲक्रिलिक म्हणून खपवलेलं स्वस्तातलं पॉलिस्टायरिन नावाचं दुसरंच प्लास्टिक असतं, तेव्हा दुकानात खोदून विचारा. उन्हाने रंग उडू नये म्हणून यूव्ही फिल्टरवालं वेगळं मागावं लागतं, ते महाग पडतं, आणि ते लावलं तरी फोटो थेट उन्हात टांगायचा नाहीच.

खरा घोळ आहे तो पुसण्याचा. ॲक्रिलिकवर ओरखडे पटकन येतात, आणि स्टॅटिकमुळे, म्हणजे घासल्याने पृष्ठभागावर साठणाऱ्या विजेमुळे, धूळ चिकटते, मग आपण ओट्यावरचं फडकं घेऊन खसाखसा घासतो आणि वर्षभरात फोटो धुरकट. काचेवर मारायचा अमोनियावाला स्प्रे तर अजिबात नको, पाण्यात थेंबभर साबण आणि मऊ मायक्रोफायबर बास. म्हणूनच माझं मत असं की गेलेल्या आजी-आजोबांच्या फोटोला काचच ठेवा, कारण पुण्यतिथीला आपण त्यावर गंध लावतो, हार घालतो, आणि वाळलेलं गंध पुढच्या वर्षी नखाने खरवडतो. देवघरात आणि स्वयंपाकघरातही तेच, तिथे पुसणं रोजचं. खडूची किंवा कोळशाची चित्रं असतील तरी काचच, नाहीतर स्टॅटिकने रंगाचे कण वर ओढले जातात.

पावसाळ्यात ओल धरून फोटो काचेला चिकटतो तसा ॲक्रिलिकलाही चिकटू शकतो, त्यामुळे काहीही लावा, मधे माउंट, म्हणजे फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच.

आणि फ्रेमवाल्याला सांगून ठेवा की ॲक्रिलिक उन्हाळ्यात काचेपेक्षा कितीतरी जास्त वाढतं, मीटरभर शीट २० अंशांनी तापलं की जवळपास दीड मिलिमीटर, म्हणून खाचेत २-३ एमएम जागा सुटी हवी, गच्च बसवलं तर एप्रिलमध्ये मधेच पोट काढतं. शीटच्या दोन्ही बाजूंना फिल्म असते ती बसवताना काढायची, काही जण वरची तशीच ठेवतात आणि मग फोटो धूसर दिसतो म्हणून दुकानदाराशी भांडायला जातात.