हात लपवायचे नाहीत

एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेले किती जण आहेत इथे? अरे वा, अर्धं सभागृह. मग स्मरणचित्राचा पेपर आठवत असेलच. विषय ठरलेले: बाजार, बसस्टॉप, नाहीतर पावसातली शाळा. आणि त्यात आपण सगळ्यांनी केलेली लबाडीही ठरलेली. माणसांचे हात लपवायचे. भाजीवालीचे टोपलीमागे, गिऱ्हाइकाचे पिशवीमागे, पोराचे थेट खिशात. मी तर एका फुगेवाल्याचे हात पाठीमागे बांधले होते. फुगे वर हवेत आणि दोरे त्याच्या पाठीशी गडप. मार्क किती पडले ते विचारू नका.

चेहरा कसाही जमवता येतो, हात जमत नाही. त्यामुळे जिची नायिका हातांनीच बोलते अशी प्रेमकथेची जपानी ॲनिमेशन मालिका कुणी काढायला घेतली, हे कळलं तेव्हा मला आधी त्या चित्रकारांचीच काळजी वाटली. मालिकेचं नाव 'युबिसाकी तो रेनरेन'. युबिसाकी म्हणजे बोटांची टोकं, रेनरेन म्हणजे प्रेमातली ओढ. इंग्रजीत ती 'अ साइन ऑफ अफेक्शन' या नावाने आली. जानेवारी ते मार्च 2024, एकूण 12 भाग, स्टुडिओ आजिया-दो, दिग्दर्शक युता मुरानो. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, सू मोरिशिता यांचा. हे एका व्यक्तीचं नाव नव्हे बरं का. एक जण गोष्ट लिहितो, एक जण चित्रं काढतो, आणि दोघांचं मिळून हे एक टोपणनाव.

गोष्ट अगदी साधी आहे. युकी कॉलेजात शिकते, जन्मापासून कर्णबधिर. तिच्या नावाचा अर्थ बर्फ, आणि मालिकाही बर्फाच्या दिवसांतच सुरू होते. आगगाडीत एक परदेशी माणूस तिला रस्ता विचारतो, ती गोंधळते, आणि तिच्याच कॉलेजातला इत्सुओमी मध्ये पडून त्याला वाट सांगतो. या इत्सुओमीला तीन भाषा येतात. चौथी, युकीची, येत नसते. ती तो शिकायला लागतो. संपलं कथानक! खलनायक नाही, अपघात नाही, स्मृतिभ्रंश तर नाहीच नाही.

मग लोक ही मालिका दोन-दोनदा का बघतात? 'चित्रं फार सुंदर आहेत हो', असं उत्तर मिळतं. खरं आहे. पण सुंदर चित्रांच्या मालिका जपानमध्ये दर मोसमात निघतात, आणि बऱ्याचशा आपण विसरूनही जातो. इथली गंमत वेगळी आहे. इथे चित्रं हाच संवाद आहे. त्यासाठी जरा आतल्या कारभाराकडे जायला हवं.

सिनेमाच्या एका सेकंदात 24 फ्रेम असतात. टीव्हीच्या ॲनिमेत, म्हणजे जपानी ॲनिमेशनमध्ये, तेवढी चित्रं कोणी काढत बसत नाही. बहुतेक वेळा एक चित्र तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला आठच. ही काटकसर जुनी आहे. 1963 मध्ये मांगाकार ओसामू तेझुकांनी 'ॲस्ट्रो बॉय' दर आठवड्याला टीव्हीवर आणली तेव्हापासून ती अंगवळणी पडली. चेहरा स्थिर ठेवायचा आणि फक्त तोंड हलवायचं, तेही तीन आकारांत: मिटलेलं, अर्धवट, उघडं. मागून आवाज पक्का असला की कान डोळ्यांना फसवतात, आणि प्रेक्षकाला वाटतं माणूस बोलतोय.

आता युकीला हे तीन आकार कसे पुरणार? ती ओठ वाचते. तिच्या जागी बसून समोरच्याकडे बघायचं, तर ओठांना अर्थ हवा. आणि ओठ वाचणं म्हणजे काय, तर घरी गेल्यावर आरशासमोर आवाज न काढता म्हणून बघा: बाप, माप, पाप. तिन्ही सारखेच दिसतील. जपानीतही असंच तिकूट आहे: तामागो, ताबाको, नामाको. अंडं, तंबाखू आणि समुद्री काकडी. कोणी काय मागितलं, ते संदर्भावरून ओळखायचं. म्हणून युकी समोरच्याच्या चेहऱ्याकडे इतकी एकटक बघते. दुसऱ्या एखाद्या प्रेमकथेत ती नजर लाडिक वाटली असती. इथे ती ऐकण्याची रीत आहे. आणि त्या पोराला, कोणीतरी आपल्याकडे एवढं लक्ष देऊन बघतंय, याचं काय होत असेल ते तुम्ही समजून घ्या.

हातांचंही तेच. जपानी सांकेतिक भाषेत 'आभार' कसे मानतात? करून बघू या, लाजू नका. डावा तळवा खाली करून समोर धरा. उजव्या हाताची कड त्याच्या पाठीवर टेकवा आणि वर उचला, मान किंचित झुकवून. सुमो पैलवान बक्षीस घेताना हाताची कड अशीच हलवतो. आता दुसरी. अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवून गळ्याशी न्या आणि खाली ओढत मिटवा. हे झालं 'आवडतं'. आणि हीच खूण 'हवंसं वाटतं' यालाही चालते. तुमच्यातल्या दोघा-तिघांनी ही खूण जरा जास्तच मन लावून केली. असो.

ॲनिमेटरच्या बाजूने बघा. बोट किंचित चुकलं की शब्द चुकला. मधली हालचाल गाळली तर अक्षर गाळल्यासारखं. शिवाय भुवई वर गेली की प्रश्न होतो, म्हणजे चेहराही स्थिर ठेवायची सोय नाही. सगळी काटकसर जिथे चालते, नेमकी तीच जागा इथे बंद. गळ्याशी गेलेला हात खाली येईपर्यंत आपण श्वास धरून बसतो, ते संगीतामुळे कमी आणि त्या बोटांमुळे जास्त.

आणखी एक, जे मला दुसऱ्यांदा बघताना उमगलं. प्रेमकथेला अंधार आवडतो. दिवे गेले, कानात काहीतरी कुजबुजलं, गच्चीवर पाठमोरे उभे राहिले. इथे यातलं काहीच कामाचं नाही. अंधार पडला की दोघांचं बोलणं बंद, आणि पाठ फिरवली तरी बंद. म्हणून त्यांना सतत समोरासमोर यावं लागतं, उजेडात. रस्त्यावरचा दिवा, खिडकी, बर्फावरून परतणारा प्रकाश, हातातल्या मोबाईलची काच. मालिकेतला उजेड इतका देखणा का, तर तो नसेल तर पात्रांना बोलताच येणार नाही.

सगळंच गोड आहे असं मी म्हणणार नाही. इत्सुओमी फारच आयता आहे. देखणा, जग फिरलेला, आणि पहिल्या ओळखीतच पोरीच्या डोक्यावर हात फिरवणारा. आमच्याकडे या गोष्टीवरून चांगलीच खडाजंगी झाली. माझ्या भाचीचं म्हणणं, 'मामा, एवढा परफेक्ट मुलगा म्हणजे ॲनिमेशनचाच खर्च वाचवलाय, स्वभाव काढायलाच नको.' कडेकडेची ती धूसर गुलाबी झाक काही ठिकाणी मलाही जास्त वाटते, पेढ्यावर साखर पेरावी तशी. मला विचाराल तर युकीचा बालमित्र ओशी जास्त खरा माणूस आहे. त्याला तिची भाषा येते, आणि नेमकं तिच्याशी नीट बोलणंच येत नाही. कुत्सित बोलतो, हक्क दाखवतो, चिडतो. त्याचे हातही चिडलेले दिसतात, हे मात्र मुद्दाम बघा. भाषा येण्यात आणि बोलता येण्यात केवढं अंतर असतं, ते या पोराच्या मनगटांत दिसतं.

बरं, आता पहिला भाग लावू. मागचे दिवे घालवा, पण पुढच्या रांगेवरचा राहू द्या. तिथे बसलेल्या चौघांचं आपसात बोलणं मघापासून चालू आहे, आणि आगगाडीचा प्रसंग आला की त्यांना बरंच काही बोलायचं असणार.