आधी उत्तररंग, मग पूर्वरंग

श्रोतेहो, नमस्कार.

टेक्सासमधल्या आर्नेट नावाच्या लहानशा गावात पेट्रोल पंपावर चार-पाच माणसे संध्याकाळच्या गप्पा मारत बसलेली आहेत. कारखान्यांतले काम आटल्यामुळे त्यांच्या हातांना फारसे काम नाही, म्हणून बोलण्याला घाई नाही. इतक्यात रस्त्यावरून एक मोटार झोकांड्या खात येताना दिसते. स्टू रेडमन नावाचा एक मितभाषी गडी चटकन उठतो आणि पंपांची सगळी बटणे बंद करतो. पुढच्याच क्षणी ती मोटार पंपांवर येऊन आदळते. आत चालकाची बायको आणि लहान मुलगी मरून पडलेल्या आहेत आणि चालकही शेवटच्या घटका मोजतो आहे. पंपावरची माणसे त्याला धरून बाहेर काढतात. एका बुडत्या माणसाला हात देण्याच्या या साध्या माणुसकीतून जगाचा अंत सुरू होतो, कारण तो माणूस लष्कराच्या गुप्त प्रयोगशाळेतून निसटलेला रोग अंगावर घेऊन पळालेला असतो.

स्टीफन किंग यांच्या ‘द स्टँड’ या कादंबरीची ही सुरुवात ज्यांनी वाचली आहे, त्यांच्या मनातून ती जात नाही. कादंबरी १९७८ साली आली. मूळ हस्तलिखित इतके मोठे होते की प्रकाशकाने त्यातली शेकडो पाने गाळायला लावली. ती पाने परत घालून १९९० साली अकराशेहून अधिक पानांची संपूर्ण आवृत्ती निघाली, आणि ज्यांनी आधीची वाचली होती त्यांनीही ती पुन्हा विकत घेऊन वाचली. १९९४ साली अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीने तिच्यावर चार रात्रींची मालिका दाखवली, जिची पटकथा खुद्द किंग यांनी लिहिली होती. त्यानंतर सव्वीस वर्षांनी, १७ डिसेंबर २०२० पासून, सीबीएसच्या इंटरनेटवरील सेवेने नऊ भागांची नवी मालिका आणली. दर आठवड्याला एक याप्रमाणे ती ११ फेब्रुवारी २०२१ रोजी संपली. या नव्या मालिकेचे प्रेक्षकांनी, आणि विशेषतः कादंबरीवर जीव असलेल्या वाचक-प्रेक्षकांनी, कसे स्वागत केले, याविषयी मला आज बोलायचे आहे.

मालिकेच्या नशिबी आलेली वेळ विलक्षण होती. तिचे चित्रीकरण मार्च २०२० मध्ये संपत आले आणि त्याच दिवसांत सारे जग खऱ्या महामारीने दारे लावून घरात बसले. किंग यांनाही त्या महिन्यात जाहीरपणे सांगावे लागले की हा आजार माझ्या कादंबरीतल्या आजारासारखा नाही. ते खरेच होते, कारण कादंबरीतला फ्लू शंभरातल्या नव्व्याण्णवांहून अधिक माणसे मारतो. तरीही डिसेंबरमध्ये मालिका पडद्यावर आली तेव्हा पाहणाऱ्यांच्या मनात घरातल्या आजारपणाच्या आणि मृत्यूच्या ताज्या आठवणी होत्या. काहींना ती पाहवेना. काहींना उलट असे वाटले की आपण जे भोगतो आहोत त्याच्याविषयी कोणीतरी बोलेल, आणि मालिका मात्र त्या आजाराच्या भागावरून घाईघाईने पुढे निघून गेली.

ही घाईच सगळ्या नाराजीच्या मुळाशी आहे, असे माझे मत आहे. मालिका पेट्रोल पंपावर सुरू होत नाही. ती कोलोराडोमधल्या बोल्डर या गावात सुरू होते. जग संपून महिने लोटले आहेत, मुखवटे लावलेली माणसे इमारतीतून मृतदेह बाहेर काढत आहेत, आणि वाचलेल्यांची नवी वसाहत उभी राहते आहे. मग मागे जायचे, पुन्हा पुढे यायचे, पुन्हा मागे जायचे. कीर्तनाच्या भाषेत सांगायचे तर बुवांनी आधी उत्तररंग उरकला आणि मधूनमधून पूर्वरंगातल्या चार ओळी ऐकवल्या. ज्यांनी कादंबरी वाचलेली नव्हती त्यांना कोण कोणाचा आणि कुठून आला हे कळेना, आणि ज्यांनी वाचली होती त्यांना सगळे कळत असूनही काही जाणवेना. या दोन तक्रारी एकमेकींच्या विरुद्ध दिसल्या तरी त्यांचे कारण एकच आहे.

कादंबरीतली भीती क्रमातून येते. सुरुवातीच्या प्रकरणांतले एक प्रकरण मला नेहमी आठवते. एक पोलीस भरधाव जाणाऱ्या एका विमा प्रतिनिधीला थांबवून दंडाची पावती देतो आणि पावतीबरोबर रोगही देतो. तो भला, बडबड्या विमावाला वाटेत एका उपाहारगृहात जेवायला थांबतो, वाढणाऱ्या बाईशी दोन शब्द बोलतो आणि टेबलावर एका डॉलरची बक्षिसी ठेवून निघतो. ती नोट बाई उचलते. पुढे एक कुटुंब, त्यांच्यापासून आणखी कोणी, त्यांच्यापासून आणखी कोणी. लेखक आवाज चढवत नाही, कोणाला खलनायक करत नाही. माणसे एकमेकांशी नेहमीसारखी चांगली वागतात, आणि त्या चांगुलपणाच्या वाटेनेच मरण देशभर पसरते. मी हे प्रकरण पहिल्यांदा वाचले त्या रात्री बाजूच्या खोलीत कोणी खोकले की मी पान उलटायचा थांबत असे. हा परिणाम साधायला लेखकाने एकामागून एक, न गाळता, न चुकता पावले टाकली आहेत. शेवट आधीच दाखवून टाकला की त्या डॉलरच्या नोटेत काही उरत नाही, ती नुसती नोट होते.

आता दुसरे उदाहरण घेऊ, कारण वाचकांचा राग कशासाठी होता ते त्यात अगदी जवळून दिसते. हॅरल्ड लॉडर हा सोळा वर्षांचा, सगळ्यांनी हिणवलेला, हुशार आणि आतून कडवट मुलगा. फ्रॅनी गोल्डस्मिथवर त्याचा एकतर्फी जीव आहे. जग ओस पडल्यावर तो तिच्याबरोबर मेन राज्यातून निघतो आणि मागून येणाऱ्यांसाठी वाटेत खुणा आणि निरोप रंगवून ठेवतो. त्याच वाटेने काही दिवसांनी लॅरी अंडरवुड हा गायक येतो. लॅरी स्वतःविषयी निराश आहे, त्याच्या हातून माणसे निसटली आहेत, आणि प्रत्येक अडचणीच्या वळणावर या न पाहिलेल्या हॅरल्डची खूण त्याला सापडते. कुठे रस्ता बंद आहे, कुठून वळून जावे, पेट्रोल कसे काढावे, सगळे हॅरल्डने आधीच ओळखलेले असते. वाटेत पडलेल्या ‘पे-डे’ नावाच्या गोड कांडीच्या वेष्टनांवरून लॅरीला त्याची आवडही कळते. तो मनाशी एका धीट, शहाण्या, मोठ्या माणसाचे चित्र रंगवतो आणि त्या चित्राच्या आधाराने शेकडो मैल चालतो. शेवटी बोल्डरला पोहोचल्यावर एक दारूची बाटली आणि त्या कांड्या घेऊन तो हॅरल्डच्या दारात उभा राहतो, आणि दार उघडते ते एक पोर. त्या पोराच्या मनात तोवर विष कालवले गेले आहे, हे आपल्याला ठाऊक असते. लॅरीला ते ठाऊक नसते. कोणीतरी आपल्याला इतके मानत होते, हे हॅरल्डलाही त्या क्षणापर्यंत ठाऊक नसते.

ही भेट नव्या मालिकेतही आहे. बाटली आहे, कांड्या आहेत, लॅरीचे कृतज्ञ शब्दही आहेत. पण ती सुरुवातीच्याच भागांत येते आणि लॅरीबरोबर ती वाट आपण चाललेलो नसतो. त्यामुळे एक माणूस दुसऱ्याला भेटवस्तू देतो एवढेच दिसते. हॅरल्डचे काम करणारा ओवेन टीग हा नट फार चांगला आहे. अनेक प्रेक्षकांनी त्याची मनापासून स्तुती केली आणि ती योग्यच होती. ओठांवर हसू ओढून आणणारा आणि डोळ्यांनी न हसणारा तो मुलगा पाहताना अंगावर काटा येतो. म्हणूनच हळहळ अधिक वाटते. एवढा नट हाती असताना त्याच्या भूमिकेचा पाया प्रेक्षकांच्या समोर रचला गेला नाही.

पात्रनिवडीवरही बरीच चर्चा झाली. लॅरीची भूमिका जोवन अडेपो या कृष्णवर्णीय नटाने केली, आणि कादंबरीतला राल्फ ब्रेंटनर हा शेतकरी येथे रे ब्रेंटनर ही मूळनिवासी स्त्री झाला. काही जुन्या वाचकांना हे खटकले. मला खटकले नाही, कारण लॅरीची अपराधी अस्वस्थता अडेपो यांच्या चेहऱ्यावर पुरेपूर होती. मात्र निक अँड्रॉस या पात्राविषयी जो आक्षेप घेतला गेला तो मला रास्त वाटतो. निक ऐकू शकत नाही आणि बोलूही शकत नाही. तो लिहून बोलतो, आणि याच माणसाला सगळी वसाहत आपला विवेक मानू लागते. ही भूमिका ऐकू येणाऱ्या नटाला दिली गेली, तेव्हा अमेरिकेतल्या कर्णबधिर कलावंतांनी जाहीर निषेध केला आणि आपण मालिका पाहणार नाही असे सांगितले. १९९४ च्या मालिकेत निक झालेला रॉब लो याला निदान लहानपणापासून एका कानाने ऐकू येत नव्हते. त्यानंतर सव्वीस वर्षे गेली, सांकेतिक भाषेत काम करणारे कसलेले नट पुढे आले, आणि तरीही दार तेवढेच बंद राहिले, हे त्या कलावंतांचे दुःख होते. शिवाय या मालिकेत निकला प्रसंगही थोडे मिळाले, त्यामुळे त्याचे जाणे ज्या वाचकांना कादंबरीत रडवून गेले होते ते पडद्यासमोर कोरडेच राहिले.

जुन्या मालिकेविषयी लोक आज प्रेमाने बोलतात. तिच्यातली शेवटची दृश्ये त्या काळातही कच्ची वाटत होती, हे मान्य करायला हवे. पण गॅरी सिनीस यांचा शांत स्टू आणि रुबी डी यांची मदर ॲबिगेल, म्हणजे वाचलेल्या भल्या माणसांना स्वप्नांतून बोलावून एकत्र आणणारी वृद्धा, लोकांच्या घरातली माणसे झाली. नव्या मालिकेत व्हूपी गोल्डबर्ग यांनी ॲबिगेलला साकारले. त्यांच्याकडे अधिकार आहे, करुणा आहे. मात्र कादंबरीत नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांमध्ये स्वतःच्या घराच्या ओसरीत गिटार वाजवत बसलेली एकशे आठ वर्षांची बाई येथे वृद्धाश्रमातली झाली आहे, आणि त्या ओसरीबरोबर तिच्या आयुष्याची सगळी मुळेही गेली आहेत.

आणखी एक बदल मला मोठा वाटतो, आणि त्यावर पुरेसे बोलले गेले नाही. कादंबरीत बोल्डरच्या विरुद्ध बाजूला लास व्हेगस आहे आणि तेथे रँडल फ्लॅग या काळ्या शक्तीचे राज्य आहे. मालिकेत ते शहर रात्रंदिवस चाललेल्या धिंगाण्याचे, नग्नतेचे आणि रक्ताच्या खेळांचे ठिकाण आहे. कादंबरीतले व्हेगस नेमके उलटे आहे. तेथे रस्ते साफ आहेत, वीज बोल्डरच्या आधी येते, माणसे वेळेवर कामाला जातात, आणि अमली पदार्थ घेणाऱ्याला क्रुसावर चढवतात. बोल्डरहून हेरगिरीसाठी गेलेल्या स्त्रीला तेथली साधी माणसे आवडू लागतात, आणि ती अधिक घाबरते ते त्यामुळेच. शिस्त, दिवे आणि पोटभर अन्न यांच्या बदल्यात भली माणसे कोणाच्या मागे उभी राहतात, हा प्रश्न लेखकाने तेथे मांडला होता. धिंगाणा दाखवला की प्रेक्षक निर्धास्त होतो, कारण तो स्वतः तसा नसतो. अलेक्झांडर स्कार्सगार्ड यांनी फ्लॅगचे मंद, जवळजवळ प्रेमळ बोलणे फार विचारपूर्वक उभे केले आहे. ते त्या स्वच्छ, टापटिपीच्या शहरात शोभले असते. या गोंगाटात ते ऐकूच येत नाही.

मालिकेचा शेवटचा भाग किंग यांनी स्वतः लिहिला, आणि त्यात कादंबरीत नसलेला एक प्रसंग घातला. कादंबरीत गरोदर असलेली फ्रॅनी अंतिम सामन्यासाठी व्हेगसला जात नाही. चार माणसे जातात आणि ती मागे राहते. तिलाही एकदा उभे ठाकायची वेळ यावी, असे आपल्या मनात कितीतरी वर्षांपासून होते, असे लेखकाने सांगितले आहे. म्हणून सगळे संपल्यावर, बाळाला घेऊन मेनकडे परत जाताना, वाटेतल्या एका ओसाड घराजवळ ती पाणी काढायला जाते आणि विहिरीत पडते. तिचा जोडीदार स्टू सामान आणायला दूर गेलेला आहे. पाय मोडलेला आहे, वर बाळ एकटे आहे, आणि अशा वेळी फ्लॅग येऊन तिच्यापुढे मोबदल्याची भाषा करतो.

हा भाग काहींना रेंगाळलेला वाटला, काहींना अनावश्यक वाटला. मला तो फार मोलाचा वाटतो, आणि त्याचे कारण पुन्हा क्रमाकडेच येते. सुरुवातीचे कितीतरी भाग मागेपुढे हिंडलेली गोष्ट येथे सरळ चालते. फळी मोडते, मग अंधार, मग वेदना, मग तो आवाज. चाळीस वर्षे ज्यांना या कादंबरीचे पान अन् पान पाठ होते, त्यांनाही फ्रॅनी काय उत्तर देणार हे ठाऊक नव्हते. कादंबरी न वाचलेला प्रेक्षक आणि ती तीनदा वाचलेला वाचक त्या तासापुरते एकाच विहिरीच्या काठाशी वाकून, श्वास रोखून, खाली पाहत होते.

नमस्कार.